पाच होकायंत्रे आणि एक उत्तर

शिरूरच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत गेल्या हिवाळ्यात घडलेली ही गोष्ट आहे. नववीच्या मुलामुलींची कुकडी नदीच्या काठाकाठाने टाकळी हाजीच्या रांजणखळग्यांपर्यंत पायी सहल ठरली होती. वाट दाखवायला होकायंत्रे हवीत, म्हणून रद्दी विकून मुलांनी थोडे पैसे जमवले होते. दहा होकायंत्रे घ्यायची होती. कोणती घ्यावीत हे ठरवण्यासाठी नमुन्याची पाच गोळा झाली आणि ती टेबलावर ओळीने मांडली गेली. पाहतात तो काय, पाच यंत्रांच्या सूच्या पाच दिशांना!

"बाई, यातली खरी उत्तर कोणती?" एका मुलीने विचारले. बाई माझ्याकडे पाहू लागल्या. मी पाहुणा म्हणून गेलो होतो आणि घाईने उत्तर देणे धोक्याचे होते. विद्यार्थीमित्रांनो, असा प्रसंग तुमच्यावरही येऊ शकेल. तेव्हा त्या पाच यंत्रांची परीक्षा आम्ही कशी घेतली ते सांगतो.

आधी एक हिशेब करू. समजा, तुमचे होकायंत्र पाच अंशांनी चुकते. पाच अंश म्हणजे कोनमापकावर बोटभर जागाही नव्हे. पण त्या चुकीच्या रेषेवर सरळ एक किलोमीटर चाललात, तर मुक्कामाच्या जागेपासून सुमारे ८७ मीटर बाजूला पोचाल. उघड्या माळावर याचे काही वाटणार नाही. पण पौष महिन्यातली सकाळ आहे, दौंडजवळ भीमेच्या काठी धुके दाटले आहे, दोन्ही अंगांना डोक्यावरून दीड हात उंच ऊस आहे आणि तुम्हाला नेमका ओढ्यावरचा फरशीपूल गाठायचा आहे, अशा वेळी ८७ मीटर फार होतात. शिरूरहून दौंड सरळ रेषेत सुमारे ४५ किलोमीटर, दक्षिणेहून थोडे पूर्वेकडे आहे. एवढ्या अंतरावर तीच पाच अंशांची चूक जवळजवळ चार किलोमीटरांची होते. (उसात शिरून प्रयोग करू नका. शिरूर तालुक्यातल्या मुलांना त्याचे कारण सांगायला नको. बिबट्याला दिशाज्ञान आपल्यापेक्षा चांगले असते.)

आता टेबलाकडे वळू. पहिली चूक यंत्रांची नव्हतीच, आमची होती. होकायंत्राची सूची म्हणजे स्वतःच एक लहान लोहचुंबक. पाच चुंबक वीतभर अंतराने मांडले, तर ते पृथ्वीचे ऐकण्याऐवजी एकमेकांचेच ऐकणार! शिवाय टेबलाचे पाय लोखंडी आणि खणात पक्कड, पट्टीचुंबक, खिळे. आम्ही पाचही यंत्रे मैदानाच्या मध्यभागी नेली, एकमेकांपासून दहा-दहा पावलांवर मातीत ठेवली आणि कमरेच्या किल्ल्या व खिशातले मोबाइल दूर ठेवले. मोकळ्या जागेत येताच पाचांपैकी दोन यंत्रे एकमताची झाली. राहिलेल्या तिघांची दुखणी मात्र खरी होती.

सर्वांत लहान यंत्र किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवायचे होते. त्याच्या अडकवणीची कडीच पोलादी. ती काढली तरी सूची प्रत्येक वेळी नव्या जागी थांबे. सूची ज्या टोकावर तोललेली असते ते बोथट असले, की घर्षणामुळे ती मध्येच अडकते. याची परीक्षा सोपी आहे. यंत्र सपाट ठेवा. एक खिळा जवळ नेऊन सूची पाव वर्तुळ फिरवा, खिळा झटकन दूर करा आणि सूची स्थिर झाल्यावर अंश वाचा. असे पाच वेळा डावीकडून आणि पाच वेळा उजवीकडून करा. चांगल्या यंत्रात दहाही वाचने एका जागी येतात, फार तर अंश-दोन अंशांचा फरक पडतो. आमच्या या चिमुकल्याने पंधरा अंशांपर्यंत मजल मारली. त्यावर तर अंशांच्या खुणाही नव्हत्या, नुसती चार अक्षरे होती. ते खेळणे म्हणून बाजूला ठेवले.

दुसरे दिसायला सर्वांत देखणे होते. पितळी डबी, झाकण, आत जुन्या जहाजाचे चित्र. मुलांचा जीव त्यावरच जडला होता. ते मातीत ठेवले आणि सूची स्थिर झाल्यावर डबी हळूहळू गोल फिरवली. डबी फिरली तरी सूचीने आपली दिशा सोडता कामा नये. इथे मात्र सूची डबीबरोबर थोडी ओढली जाई. पट्टीचुंबक झाकणाला लावून पाहिला, तर तो टपकन चिकटला! पितळेला चुंबक चिकटत नाही. म्हणजे आतला पत्रा लोखंडी आणि वर पितळेचा मुलामा. होकायंत्र घेताना हा चुंबक नेहमी सगळ्यांत शेवटी आणि फक्त झाकणाच्या कडेला लावावा. सूचीजवळ नेऊ नये. का, ते पुढे येईल.

तिसरे यंत्र शाळेच्याच कपाटातले, बरेच जुने, काच थोडी पिवळी पडलेली. त्याची सूची हलकी फिरे, दहाही वेळा एकाच जागी थांबे. फक्त तिचे लाल टोक दक्षिणेकडे असे! अगदी अचूक, पण उलट. कपाट उघडून पाहिल्यावर उलगडा झाला. हे यंत्र वर्षानुवर्षे एका जुन्या ध्वनिवर्धकाला टेकून ठेवलेले होते. ध्वनिवर्धकात बलवान चुंबक असतो. त्याच्या सहवासात सूचीचे ध्रुव उलटले. आजकाल हे काम मोबाइल करतात. त्यांच्या आतही ध्वनिवर्धकाचा लहानसा चुंबक असतो आणि काहींच्या आवरणात बंद होण्यासाठी चुंबक बसवलेले असतात. पाठपिशवीच्या एकाच कप्प्यात मोबाइल आणि होकायंत्र ठेवून डोंगरात गेलेल्यांना दक्षिणेला उत्तर समजून चालावे लागल्याची उदाहरणे आहेत. अर्धवट बिघडलेले यंत्र निदान संशय तरी निर्माण करते. पुरते उलटलेले यंत्र मोठ्या आत्मविश्वासाने फसवते.

एकमताची दोन उरली. त्यांपैकी एक एका मुलाच्या मामाने युरोपातून आणलेले होते. काम सुबक, खुणा बारीक, सूची द्रवात बुडवलेली. तरी तिचे काहीतरी बिनसले होते. यंत्र सपाट धरले तरी सूचीचे दक्षिण टोक खाली झुके आणि जरा हललो की तळाला घासे. मुलगा हिरमुसला. पण यंत्र खराब नव्हते. ते इथले नव्हते, एवढेच.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पृथ्वीचे चुंबकीय बल जमिनीशी समांतर असते असे आपण चित्रात पाहतो, पण प्रत्यक्षात ते बहुतेक ठिकाणी तिरपे असते. सूची मध्यावर तोलून कोणत्याही दिशेने झुकू दिली, तर शिरूर-दौंड भागात तिचे उत्तर टोक क्षितिजाच्या खाली पंचवीस ते तीस अंश झुकेल. या झुकावाला नतिकोन म्हणतात. इंग्लंडमध्ये तो पासष्ट अंशांच्या पुढे असतो. उलट, भारताच्या दक्षिण टोकाजवळ तो शून्यावर येतो. तिथून चुंबकीय विषुववृत्त जाते आणि १९६३ साली थुंब्याला अग्निबाण सोडण्याचे केंद्र उभारले गेले तेही याच कारणाने. आता सूची आडवी राहावी म्हणून कारखानदार तिच्या दक्षिण बाजूला किंचित वजन घालतो. उत्तर युरोपासाठी हे वजन जास्त घालावे लागते. तेच यंत्र आपल्याकडे आणले, की उत्तर टोकाची खाली जाण्याची ओढ कमी होते, वजन मात्र तेवढेच राहते. साहजिकच दक्षिण टोक खाली बसते. भूमापकांच्या जुन्या होकायंत्रांत सूचीवर एक सरकते वजन असे. प्रदेश बदलला की ते मागेपुढे सरकवून तोल साधायचा. बंद द्रवात बुडलेल्या सूचीला ही सोय नाही. म्हणून घेताना ते कोणत्या विभागासाठी तोललेले आहे ते विचारावे आणि दुकानातच, हातात सपाट धरून, स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घेऊन पाहावे. सूची तळाला किंवा काचेला न टेकता फिरली पाहिजे.

एका बाबतीत मात्र आपण भाग्यवान आहोत. सूचीला फिरवते ते बलाचा आडवा भाग. तो आपल्या भागात सुमारे ३८,००० नॅनोटेस्ला, म्हणजे इंग्लंडच्या जवळजवळ दुप्पट आहे. त्यामुळे इथे सूची अधिक ठामपणे उभी राहते.

पाचवे होते पारदर्शक पट्टीचे, साधे, द्रव भरलेले. पट्टी नकाशावर ठेवून रेषा आखता येते, गोल चकती फिरवून कोन बांधता येतो. द्रवामुळे सूची हिंदकळत नाही, तीन-चार सेकंदांत थांबते. त्याने वरच्या सगळ्या परीक्षा दिल्या. अशा यंत्रात बुडबुडा आहे का ते पाहावे. मोहरीएवढा असला तर हरकत नाही, पण सूचीला अडणारा मोठा बुडबुडा म्हणजे द्रव गळतो आहे. दौंडच्या एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या काचेमागे विसरलेल्या यंत्रात तो हमखास सापडेल.

इथे एका चुणचुणीत मुलाने शंका काढली. "सर, पाचव्याने परीक्षा दिली खरी. पण ते दाखवते ती उत्तर खरी कशावरून?" शंका बिनतोड होती. दहाही वेळा एकच अंश दाखवणे म्हणजे सातत्य; बरोबर असणे ही वेगळी गोष्ट. कपाटातले जुने यंत्रही सातत्याने उलट दाखवतच होते की! होकायंत्राची परीक्षा दुसऱ्या होकायंत्राने पुरी होत नाही. तिला आकाश लागते.

खरी उत्तर ध्रुवताऱ्याखाली असते. शिरूरहून ध्रुव क्षितिजावर सुमारे १९ अंश, म्हणजे हात लांब करून पाहिलेल्या दोन मुठींइतका उंच दिसतो. एवढा खाली असल्याने उत्तरेला झाडे-घरे नसलेली जागा निवडावी लागते. हिवाळ्याच्या संध्याकाळी शर्मिष्ठेवरून आणि उन्हाळ्यात सप्तर्षींवरून तो शोधता येतो. त्या रात्री आम्ही मैदानावर बांबूला एक ओळंबा टांगला. पाच-सहा पावले मागे दुसरा ओळंबा धरून एक मुलगा उभा राहिला. दोन्ही दोऱ्या आणि ध्रुव एका रेषेत आल्यावर दोन्ही ओळंब्यांखाली लाकडी खुंट्या ठोकल्या. खुंट्या लाकडीच का, हे आता मुलांना विचारावे लागले नाही. सकाळी खुंट्यांना सुतळी ताणली. ती आमची खरी उत्तर-दक्षिण रेषा झाली. ध्रुव खऱ्या उत्तरध्रुवापासून पाऊण अंशाहूनही कमी ढळलेला असतो. आपल्या कामाला तेवढे पुरे.

ढग असतील तर दिवसा सावलीने हेच करता येते. मातीत एक काठी ओळंब्यात उभी करून तिच्याभोवती वर्तुळ आखावे. दुपारपूर्वी सावलीचे टोक जिथे वर्तुळाला शिवते आणि दुपारनंतर जिथे पुन्हा शिवते, ते दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. आपल्या शुल्बसूत्रांत ही रीत दिलेली आहे. एक मात्र लक्षात ठेवा: मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य दुपारी आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो, त्यामुळे माध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते. 'दुपारची सावली उत्तरेला' हे पाठांतर त्या दिवसांत उलटे होते.

सुतळीवर पट्टीचे होकायंत्र ठेवले. सूची सुतळीशी जवळजवळ समांतर! पण याचे सगळे श्रेय यंत्राला देऊ नका. होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत जो कोन असतो त्याला दिक्पात म्हणतात. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला तो पंचवीसएक अंश पश्चिमेकडे आहे. तिथल्या मुलांना प्रत्येक वाचनात तेवढी बेरीज-वजाबाकी करावी लागते. पुणे जिल्ह्यात तो एका अंशाहूनही कमी आहे. म्हणून ध्रुव आणि सूची यांची इतकी सरळ तुलना आपल्याला करता येते. शिरूर आणि दौंड ही होकायंत्र तपासायला फार सोयीची गावे आहेत, हे तिथल्या शिक्षकांनी जरूर ध्यानात घ्यावे. मात्र दिक्पात कायमचा नसतो. वर्षानुवर्षे हळूहळू सरकतो.

तो किती सरकतो हे मोजणारे ठिकाण आपल्याच राज्यात, अलिबागला आहे. त्याची कथा आमच्या लोखंडी टेबलाशी जुळते. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीचे चुंबकत्व मोजत असत. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेवर चालणारी ट्राम यायची ठरली. ट्रामचा वीजप्रवाह एकाच दिशेने वाहणारा. अशा प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि रुळांतून जमिनीत पाझरणारा प्रवाह दूरवरच्या नाजूक सूच्यांनाही हलवतो. साठ वर्षांची अखंड मोजणी नासली असती. त्या वेळी वेधशाळेचे संचालक होते नानाभाई मूस. ते या पदावरचे पहिले भारतीय. नवी चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला सुरू झाली. आजूबाजूला सगळा काळा कातळ असताना इमारतीसाठी मुद्दाम तपासून पोरबंदरचा दगड आणला, कारण आपला कातळ चुंबकीय असतो. लोखंडी खिळे-बिजागऱ्यांऐवजी तांब्या-पितळेचे सामान वापरले. आणि १९०६ पर्यंत दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी केली. दोन यंत्रांची आकडेवारी सांधायची, तर आधी ती शेजारी-शेजारी चालवून पाहिली पाहिजेत ना! मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. अलिबागची मोजणी आजही चालू आहे.

दौंडलाही आता विजेची गाडी येते. पण तिच्या तारांतला प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तने दिशा बदलणारा असतो. बिचारी सूची एवढ्या वेगाने डोलू शकत नाही, म्हणून ती जवळजवळ जागची हलत नाही. दौंड जंक्शनवर सूचीला भुलवतात ते रूळ, उभी वाघीण आणि लोखंडी खांब. मग किती दूर उभे राहावे? अमेरिकी सैनिकांच्या नकाशावाचनाच्या पुस्तकात ट्रकपासून १८ मीटर, काटेरी तारेपासून १० मीटर आणि उच्च दाबाच्या वीजवाहिनीपासून ५५ मीटर अंतर सांगितले आहे. आपल्याकडच्या गोष्टी वेगळ्या: विंधनविहिरीचा लोखंडी नळ, गोठ्याचा पत्रा, बैलगाडीच्या चाकाची धाव, स्लॅबमधल्या सळया, ऊसतोडीचा कोयता. अंतराची सवय मुलांनी स्वतः मोजून करावी. सुतळीच्या रेषेवर यंत्र ठेवून सायकल एकेक पाऊल जवळ आणावी आणि सूची कधी हलते ते लिहून ठेवावे.

अलिबागकरांना छळणारा काळा कातळ शिरूर-दौंडच्याही पायाखाली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर थंड होताना त्यांतल्या लोहयुक्त कणांनी त्या वेळच्या चुंबकीय बलाची दिशा आपल्यात गोठवून घेतली. १९५० च्या दशकात संशोधकांनी दख्खनच्या खडकांतली ही दिशा मोजली, तेव्हा लाव्हा वाहिला त्या वेळी भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता असे दिसले. एका अर्थी प्रत्येक कातळ हे अडकून पडलेल्या सूचीचे होकायंत्रच आहे! सपाट जमिनीवर छातीशी धरलेल्या यंत्राला याचा त्रास सहसा जाणवत नाही. पण वीज पडलेल्या डोंगरमाथ्यावरचा कातळ फार बलवान चुंबक बनतो आणि त्यावर टेकवलेली सूची कुठेही वळते.

रांजणखळग्यांशी तर सगळा कातळच. नदीच्या अलीकडे टाकळी हाजी, पलीकडे अहिल्यानगर जिल्ह्यातले निघोज. तिथे मुलांनी भूमापकांची एक जुनी युक्ती वापरली. दोघे शे-दोनशे पावलांवर उभे राहतात आणि एकमेकांच्या दिशेचा अंश वाचतात. समजा, इकडून तिकडे ६४ अंश आले, तर तिकडून इकडे बरोबर १८० अधिक, म्हणजे २४४ आले पाहिजेत. २५० आले, तर दोहोंपैकी एका जागी काहीतरी सूचीला ओढते आहे. दहा पावले सरकून पुन्हा वाचावे. मोजताना वेळ जातो, मुले कंटाळतात, पण अनोळखी जागी ही खात्री दुसऱ्या कशाने मिळत नाही.

"मोबाइलमध्ये होकायंत्र असताना एवढी खटपट कशाला?" हे कोणी विचारणारच. मोबाइलमध्ये सूची नसते, चुंबकीय बल मोजणारी चकती असते. तीही लोखंडाने आणि आवरणातल्या चुंबकाने फसते, म्हणून हवेत इंग्रजी आठाचा आकडा काढून तिला पुन्हा जुळवावे लागते. उपग्रहांवरून तुमचे ठिकाण कळते ते खरे. पण तुम्ही एका जागी उभे असताना तोंड कुठे आहे, हे मोबाइल त्या चकतीलाच विचारतो. तेव्हा त्यालाही एकदा सुतळीवर ठेवून पाहा.

शेवटी खरेदी झाली ती नऊ यंत्रांची, पारदर्शक पट्टीची. दहावे घरातच निघाले. कपाटातल्या जुन्या यंत्राची काच काढून सूची चिमटीत धरली आणि पट्टीचुंबकाचा दक्षिण ध्रुव तिच्या मध्यापासून लाल टोकाकडे, एकाच दिशेने, वीस-पंचवीस वेळा फिरवला. टोकावर सोडताच लाल टोक डौलात वळले आणि सुतळीच्या रेषेवर येऊन थांबले. ध्वनिवर्धक आता दुसऱ्या खोलीत आहे.